घरात पैलवान सांभाळताना

‘पंच क्लब’ नावाचा एक व्हिडिओ गेम आहे. लेझी बेअर गेम्स या रशियन कंपनीने तो २०१६ साली आणला, पुढे तो मोबाइलवरही आला. त्यात आपण स्वतः ठोसे मारायचे नसतात. लढणारा एक तरुण आपल्या ताब्यात दिलेला असतो आणि त्याचं सगळं आपण बघायचं असतं: त्याला काय खायला घालायचं, कधी झोपवायचं, बांधकामावर रोजाने कधी पाठवायचं, व्यायामाच्या कुठल्या यंत्रावर किती वेळ ठेवायचं. ताकद, चपळाई आणि दम असे तीन आकडे पडद्यावर सतत दिसतात. लढत लागली की आपण काठावर. दोन फेऱ्यांच्या मधे कुठले डाव वापरायचे ते सांगायचं, एवढंच आपल्या हातात राहतं.

बारामती-इंदापूरकडच्या ज्या घरातलं पोरगं तालमीत जातं, त्या घराला हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही. दुधाचं दहा दिवसांचं बिल आलं की त्यातलं किती खुराकाला बाजूला काढायचं, परीक्षा आणि मैदान एकाच आठवड्यात आलं तर काय करायचं, हे तिथे रोजचंच आहे.

या खेळाची मुख्य गोष्ट म्हणजे त्यात रोज तेच ते करत राहावं लागतं. दिवस संपला की ते तिन्ही आकडे थोडे थोडे उतरतात. एक दिवस कामावर गेलात, ताकद घटली. एक दिवस झोपून काढलात, दम घटला. त्यामुळे खेळणारा तासन्‌तास तेच करत बसतो: तेच यंत्र, तीच झोप, तीच मजुरी, पुन्हा यंत्र. तिन्ही आकडे सारखे वाढवायला गेलं तर एकही धड वाढत नाही. एकावर भर देऊन बाकीचे सांभाळायचे, हे कळेपर्यंत बरेच पराभव खावे लागतात. तुमच्या घरातला मुलगा हा खेळ खेळत असेल तर त्याला एवढं जरूर सांगा, त्याचा वेळ वाचेल.

पण मला बोलायचं आहे ते उतरत्या आकड्यांबद्दल. मेहनत रोजची असते, ती एकदा करून साठवून ठेवता येत नाही, हे या खेळाने बरोबर पकडलं आहे. विश्रांतीचा दिवस म्हणजे तोटा, हे मात्र त्याने साफ चुकीचं शिकवलं आहे. आणि आपल्याकडचे कितीतरी बाप, हा खेळ कधीही न पाहता, मुलाला नेमक्या याच हिशेबाने वागवतात. आज तालीम बुडाली म्हणजे पोरगं मागे पडलं. ताप असला तरी जा. गुडघा दुखत असला तरी निदान बैठका मार. या धास्तीने चांगली पोरं अठराच्या आत खराब झाल्याचं दिसतं, म्हणून हा लेख.

शरीराचा हिशेब वेगळा आहे. स्नायू मेहनत करताना वाढत नाहीत, मेहनतीनंतरच्या झोपेत आणि खाण्यात वाढतात. नीट तयार झालेल्या मुलाने आठवडाभर काहीच केलं नाही तरी त्याची ताकद जाणवण्याइतकी घटत नाही. आधी उतरतो तो दम, आणि तोही पुन्हा मेहनत सुरू केली की लवकर परत येतो. जुन्या तालमीच्या दिनक्रमात ही समज होतीच. पहाटे उठून हौदा खणायचा, म्हणजे फावड्याने माती खालीवर करून मोकळी करायची. अधूनमधून त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मिसळायचा. मग जोर, सपाट्या, बैठका, मग लढती. नंतर अंगाला माती लावून निवांत बसायचं, अंघोळ, खुराक, आणि दुपारची गाढ झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत. ती दुपारची झोप काढून घेतली तर दोन वेळची मेहनत कुणाच्याही अंगाला लागणार नाही.

आता आपल्याकडचं पोरगं बघा. पहाटे तालीम, मग एसटी नाहीतर सायकलने शाळा, पाचला सुट्टी, संध्याकाळी परत तालीम, रात्री गृहपाठ आणि मोबाइल. वेळापत्रक निवासी तालमीतल्या मल्लाचं आणि झोप मात्र शाळकरी पोराची. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. साडेचारला उठायचं असेल तर साडेआठला अंथरुणावर पडायला हवं. ते घरात जमणार नसेल तर शाळेच्या दिवसांत एकच वेळची मेहनत ठेवा आणि दोन वेळची शनिवार-रविवारवर व सुट्टीवर न्या. वस्तादांशी हे मोकळेपणाने बोला. जाणता वस्ताद यावर रागावणार नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, त्या दिवशी घरीही जोर मारायला लावू नका.

एक साधी वही करा. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणावरच, मुलाने मनगटावर बोट ठेवून मिनिटभर नाडी मोजायची आणि लिहायची. शौचाला जाऊन आल्यावरचं वजन लिहायचं. रात्रीची झोप किती तास झाली ते लिहायचं. नेहमी साठच्या आसपास असणारी नाडी दोन-तीन दिवस सत्तरच्या घरात दिसू लागली, भूक मंदावली, पोरगं चिडचिड करू लागलं, तर ते थकलेलं आहे किंवा आजारी पडणार आहे. लढती बंद करा, हलकं चालणं-पळणं ठेवा. महिनाभराने ही वही वस्तादांना दाखवा. ‘पोरगं कामचुकार झालंय’ आणि ‘पोरगं दमलंय’ यांतला फरक ती दाखवून देते.

दहाच्या आतल्या मुलांसाठी एवढं सगळं लागत नाही. त्यांना हौद्यात लोळू द्या, कोलांट्या मारू द्या, मल्लखांबावर चढू द्या, यात्रेत रेवड्यांवरची आणि नारळावरची कुस्ती खेळू द्या. हरलं तरी हसत घरी आलं पाहिजे.

तालीम निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो मॅटचा. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत घडलेला हा मल्ल मॅटवरच्या कुस्तीला नवखा होता. तरी सहावा आला. पुढची चार वर्षं त्या कुस्तीची तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. मातीतली निकाली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते, त्यामुळे मातीतला मुलगा थांबायला, दाबून धरायला, समोरच्याला दमवायला शिकतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. तिथे थांबून राहणाऱ्याला पंच ताकीद देतात. मातीने मान, पकड आणि दम तयार होतो, तो कुठे वाया जात नाही. पण चौदाव्या वर्षापर्यंत मॅटची सवय लागलेली बरी, कारण शालेय स्पर्धेपासून ऑलिंपिकपर्यंत सगळं मॅटवर आहे. जवळच्या तालमीत मॅट नसेल तर आठवड्यातून दोन दिवस मॅट असलेल्या केंद्रावर नेण्याची सोय करा. तिथे गेल्यावर मॅट रोज पुसली जाते का, हेही डोळ्यांनी बघून घ्या.

दुसरा प्रश्न वजनगटाचा, आणि इथे आपल्या भागात फार गफलत होते. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू आहे. इंदापूरने ही स्पर्धा २००५ मध्ये भरवली आणि सईद चाऊस जिंकले. पुढच्याच वर्षी ती बारामतीत आली आणि अमोल बुचडे यांनी गदा उचलली. त्या मैदानात बापाच्या खांद्यावर बसून कुस्त्या पाहिलेली पोरं आज स्वतः बाप झाली आहेत, आणि त्यांना आपल्या मुलाच्या खांद्यावर ती गदा बघायची आहे. ओढ खरी आहे. पण गदेचा गट ८६ ते १२५ किलोचा. ज्या मुलाचा हाडापेराचा बांधा साठ किलोचा आहे, त्याला तूप-लोणी चारून नव्वदवर नेलं तर तो नव्वद किलोचा मल्ल होत नाही, तीस किलो ओझं वाहणारा साठ किलोचा मल्ल होतो. गुडघे आधी जातात. बीडचा राहुल आवारे पुण्याच्या तालमींत घडला, ५७ किलोत लढला आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. अमन सेहरावतचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदकही ५७ किलोतलंच. मुलगा ज्या वजनात मोकळा, चपळ आणि आनंदी असतो तो त्याचा गट, हे एकदा घरात सगळ्यांनी मान्य करून टाका. आजोबांना पटवायला वेळ लागेल, तो द्या.

उलट्या बाजूची चूकही तितकीच वाईट. पॅरिसला विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीआधी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. अमनने एका रात्रीत साडेचार किलोच्या वर वजन उतरवल्याची बातमीही सगळ्यांनी वाचली. ते डॉक्टरांच्या नजरेखाली, मोठ्या माणसांनी केलेलं काम होतं. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. तिघेही अंगावर घाम काढणारे कपडे चढवून, पाणी तोडून वजन उतरवत होते. आपल्याकडे तालुका स्पर्धेच्या आदल्या रात्री रेनकोट घालून पळणारं, थुंकून थुंकून तोंड कोरडं करणारं नववीतलं पोरगं दिसलं तर त्याला तिथेच थांबवा आणि वरच्या गटात उतरवा. अठराच्या आत पाणी तोडून वजन उतरवायचं नाही, हा नियम घरात पाळा. खरंच वजन कमी करायचं असेल तर आठवड्याला अर्धा किलो, तेही तीन-चार महिने आधीपासून, तळलेलं आणि गोड कमी करून.

आता खुराक. यावर घरं कर्जात जातात, म्हणून इथे जरा आकड्यांत बोलू. मेहनत करणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं पुरतात, फार तर पावणेदोन. म्हणजे साठ किलोच्या मुलाला दिवसाला ९० ते १०५ ग्रॅम. म्हशीचं एक लिटर दूध ३५ ते ४० ग्रॅम देतं. चार अंडी २४ ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाणे २५ ग्रॅम. इथेच जवळपास नव्वद झाले, आणि भाकरी, डाळ, मटकी, हरभरा यांतलं अजून धरलेलंच नाही. बदाम चांगलेच आहेत, पण शंभर ग्रॅम बदामात प्रथिनं सुमारे २१ ग्रॅम, शेंगदाण्यापेक्षा कमीच, आणि किंमत कितीतरी पट. थंडाईत दहा-बारा बदाम असू द्या. ती परंपरा आहे आणि तिला एक गोडी आहे. पण बदाम परवडत नाहीत म्हणून पोरगं मागे राहील असं वाटून घेऊ नका. गोठ्यात म्हैस आहे आणि रानात भुईमूग आहे, तर निम्मा खुराक घरचाच आहे. डेअरीला घालायच्या दुधातून त्याचं लिटरभर आधी बाजूला काढा. संध्याकाळच्या मेहनतीनंतर तासाभरात त्याच्या पोटात दूध-केळं नाहीतर अंडी-भाकरी गेली पाहिजे. साडेनऊला घरचं सगळं आवरेपर्यंत त्याला उपाशी ठेवू नका.

डब्यातल्या पावडरीबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. प्रथिनांची पावडर म्हणजे दुधाचाच एक भाग, त्यात जादू नाही. भेसळीचा आणि बंदी असलेला पदार्थ मिसळलेला असण्याचा धोका मात्र आहे. घरचं पुरत असेल तर घेऊ नका. इंजेक्शनबद्दल तर स्पष्टच सांगतो. शस्त्रक्रियेत उतरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी असलेलं मेफेंटरमाइन हे औषध व्यायामशाळांतली आणि मैदानातली पोरं दम वाढतो म्हणून टोचून घेतात. त्याने हृदयाचा ताल बिघडतो, सवय लागते, आणि ते जागतिक बंदीच्या यादीत आहे. स्टेरॉइडचंही तेच. चाचणीत सापडलं तर चार वर्षांपर्यंत बंदी बसते. मल्लाच्या आयुष्यातली चार वर्षं म्हणजे जवळपास सगळंच. मुलाच्या बॅगेत सुई दिसली तर गप्प राहू नका, आणि त्याला मारूही नका. कुणी दिली ते शांतपणे विचारा आणि डॉक्टरकडे न्या. सर्दी-तापाचं औषध घेतानाही मुलगा स्पर्धा खेळतो हे डॉक्टरांना आधी सांगा.

पाडवा झाला की यात्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर मैदानं. हलगी वाजायला लागली की घरात बसवत नाही, हे मान्य. पण वर्ष आधीच आखून ठेवलं तर मैदानं अंगावर येत नाहीत. जून-जुलैत पाया घाला, दम आणि ताकद. पावसाळ्यात शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, त्याच्या आधी मॅटवर भर. थंडीत राज्य पातळीच्या निवडी. फेब्रुवारी-मार्च परीक्षेचे, तेव्हा मेहनत निम्मी. चैत्र-वैशाखात मैदानं, तीही निवडून. रोज एका गावात लांग चढवून पाच-पाचशेच्या कुस्त्या खेळणारा मुलगा चार पैसे आणतो, पण त्याच उन्हाळ्यात खांदा निखळून पुढचं वर्ष घालवतो. दोन मैदानांमधे पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवा.

जोड लावताना तुम्ही किंवा वस्ताद तिथे हजर हवेत. आखाड्याच्या कडेला पोरं उभी करतात, पंच दंडाला धरून एकाला दुसऱ्यासमोर आणतो, गर्दी ओरडते आणि चौदा वर्षांच्या मुलाची जोड सतराच्या मुलाशी लागते. त्या क्षणी मुलगा नाही म्हणू शकत नाही, सगळं गाव बघत असतं. नाही म्हणण्याचं काम तुमचं. ‘जोड बरोबर नाही’ एवढं बोलून हात जोडायचे आणि पोराला मागे घ्यायचं. त्यात कमीपणा नाही. आखाड्यात उतरण्याआधी माती हाताने चाचपून बघा: नीट भुसभुशीत आहे का, खडे आहेत का, घाईत टाकलेला पातळ थर तर नाही. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनामाचं काय, हे आधीच ठरवून घ्या, नंतरची कटकट टळते.

दुखापतीत तीन गोष्टी लक्षात ठेवा. कान सुजून पाणी धरलं तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडून ते काढून दाबपट्टी बांधून घेता येते. उशीर झाला की कान कायमचा गोळा होतो. पैलवानाचा कान म्हणून मिरवायचं की नाही हे त्याने मोठं झाल्यावर ठरवावं, पण ऐकू कमी यायला लागलं तर तपासणी टाळू नका. अंगावर गोल, खाजरा नायटा उठला तर दुकानातून मिळणारी मिश्र मलमं लावू नका. त्यात स्टेरॉइड असतं, नायटा वरवर बसतो आणि आतून पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि तो बरा होईपर्यंत लढती बंद, नाहीतर सगळ्या तालमीला लागेल. आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येऊन काही तासांत गुडघा टम्म सुजला, तर मालिश करणाऱ्याकडे नेऊ नका, हाडांच्या डॉक्टरकडे न्या. आतली दोरी तुटलेली असू शकते, आणि त्यावर आठवडाभर चोळत बसणं म्हणजे चालता गुडघा घालवणं.

मुलीला तालमीत घालायचं असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. आता मुलीपुढे कुठलं ध्येय ठेवायचं हा प्रश्न उरलेला नाही. केंद्रावर मुलींची कपडे बदलण्याची वेगळी खोली आणि सरावाला पुरेशा मुली आहेत का, हे बघा. पाळी अनियमित झाली तर ती थकल्याची आणि कमी खात असल्याची खूण समजा, आणि तिच्या रक्तातलं लोह वर्षातून एकदा तपासून घ्या.

पैशाचं शेवटी बोलतो, कारण ते बोलणं घरात नेहमी शेवटीच होतं. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. त्या माणसापुढे मान झुकते. पण प्रत्येक घराने जमीन गहाण ठेवावी, असा त्याचा अर्थ काढू नका. उसाची उचल आणि दिवाळीचा हप्ता हाती येतो तेव्हाच वर्षाची रक्कम ठरवा, वेगळ्या खात्यात टाका आणि त्यातच वर्ष काढा. त्या रकमेत दुखापतीसाठी काहीतरी शिल्लक असू द्या. मुलगा आठ ते चौदा वर्षांचा असेल तर लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्‌स कंपनीच्या निवड चाचण्यांवर लक्ष ठेवा. तिथे शिक्षण, राहणं, खाणं आणि प्रशिक्षण लष्कर बघतं.

शाळा सोडू देऊ नका. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, राहुल आवारे आणि पैलवान विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, पण त्या दारातून आत जायला पदवी आणि कागद दोन्ही लागतात. स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच तपासा: नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे आहे का, जन्मतारीख, वजनगट, क्रमांक, तारीख, सही-शिक्का. एका अक्षराची चूक असेल तर आयोजक तिथे असतानाच दुरुस्त करून घ्या, चार वर्षांनी तो माणूस सापडत नाही. त्याची छायाप्रत काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, सोबत त्या स्पर्धेचं निकालपत्रक आणि वर्तमानपत्रातलं कात्रण लावा. नोकरीसाठी अर्ज करण्याआधी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर तिथे गर्दी होते, म्हणून मुलाने राज्य पातळीवर पदक आणलं की पुढच्याच महिन्यात तो अर्ज देऊन टाका.